मोडके लाकडी तुकडे, एक पेटी

संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर येता का, असं विचारायला फोन आला तेव्हा मी निजामपुऱ्याच्या भाजीबाजारात होते, एका हातात मेथीच्या जुड्या. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. संग्रहालयात वर्गाच्या सहली घेऊन जायची, मुलांना मोजून आत न्यायची आणि मोजून बाहेर काढायची, एवढाच माझा त्या इमारतीशी संबंध. संस्थेच्या घटनेप्रमाणे मंडळावर शाळांमधलं एक माणूस लागतं आणि आधीचे गृहस्थ मुलाकडे कॅनडाला गेले, म्हणून माझा नंबर लागला. मी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि मेथीचे पैसे द्यायचे विसरून चालू लागले. भाजीवालीनं हाक मारली, "बेन, पैसा तो आपो."

घरी सांगितल्यावर सुनेनं विचारलं, "आई, विश्वस्त म्हणजे नक्की काय करतात?"

"सही करतात बहुतेक," मी म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं.

आमचं संग्रहालय लहान आहे. फत्तेगंजकडून येणाऱ्या रस्त्यावर, झाडांमागे, दोन मजले आणि एक तळघर. मोठ्या संग्रहालयाला जाणारी माणसं वाट चुकली की आमच्याकडे येतात. पण मंडळ मात्र पूर्ण आहे. पहिल्या बैठकीला मी अर्धा तास आधी पोचले, इस्त्रीची साडी नेसून, आणि लांबट टेबलाच्या टोकाला बसून एकेकाला आत येताना पाहत राहिले.

अध्यक्ष डोळ्यांचे डॉक्टर. गुजराती, पण तीन पिढ्या बडोद्याच्या, त्यामुळे मराठी आमच्याइतकंच सफाईदार. घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि त्यावर नजर ठेवून बैठक चालवायचे. त्यांच्या डावीकडे रिफायनरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. वऱ्हाडातून नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या शेजारी सावली गावाला कारखाना असलेले एक शेठ, ज्यांचा फोन दर पाच मिनिटांनी थरथरायचा. आणि खिडकीपाशी एक चौऱ्याऐंशी वर्षांचे काका. ते जमीन महसुलाच्या दप्तरखान्यात होते, एवढंच मला कळलं, कारण ते आले, सगळ्यांना नमस्कार केला, आणि पहिला विषय सुरू व्हायच्या आत झोपी गेले. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. शेठनी फक्त उठून खिडकीचा पडदा थोडा ओढला, काकांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून.

पाचवी मी. आणि मंडळाची सभासद नसलेली, पण सगळं काम जिच्यावर चालतं ती आमची क्युरेटर. पस्तिशीची, शिडशिडीत, बोलायला कमी. ती वाचत होती आणि डॉक्टर "मंजूर" म्हणत होते. छताची गळती, मंजूर. पंखे, मंजूर. नवव्या विषयाशी आलो तेव्हा डॉक्टरांनी घड्याळ मनगटावर बांधायला घेतलं होतं.

"निर्लेखन," क्युरेटर म्हणाली. "म्हणजे नोंदवहीतून कायमच्या काढायच्या वस्तू. वाळवी लागलेल्या दोन चौकटी. फुटकी बरणी. आणि मोडके लाकडी तुकडे, एक पेटी."

यादी सहीसाठी फिरत माझ्यापर्यंत आली. बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या, काकांचीसुद्धा, डुलकीतली. मी पेन उघडलं आणि थांबले. उत्तरपत्रिका न तपासता मार्क द्यायची मला कधी सवय नव्हती.

"हे तुकडे कशाचे आहेत?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, मोडके आहेत."

"हो, पण कशाचे मोडलेत?"

"जुन्या तांत्रिक शाळेतून आलेली पेटी आहे," क्युरेटर म्हणाली. "मी येण्याआधीपासून बंद आहे." मग माझ्याकडे बघत तिनं म्हटलं, "मलाही उघडायची होती, मॅडम. पण मंडळाची परवानगी लागते."

"मग आत्ताच बघू या का? खालीच तर आहे."

डॉक्टरांना दवाखान्यात पोचायचं होतं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. पण इंजिनिअरसाहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, दहा मिनिटं. मी इथे सहा वर्षं आहे, तळघर एकदाही पाहिलं नाही." शेठ म्हणाले, "में पण नथी जोयुं." शेवटी डॉक्टर म्हणाले, दहा म्हणजे दहा. आम्ही काकांना उठवलं नाही, आणि सगळे खाली गेलो.

पेटी सागवानी होती, ट्रंकेएवढी. क्युरेटरनं हातमोजे घातले, आम्हालाही एकेक जोडी दिली, आणि झाकण उचललं. आत वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदाखाली लाकडाचे तुकडे रचून ठेवले होते. रचून. फेकलेले नव्हते. लांब तुकडे एका बाजूला, वाकलेले एका बाजूला, खुंट्या वेगळ्या. मी एक वाकडा तुकडा हातात घेतला. त्याच्या दोन्ही टोकांना खाचा होत्या, इतक्या स्वच्छ की आत पट्टी बसवून बघावीशी वाटली.

"हे मोडलेलं नाही," मी म्हटलं. "हे सुटं केलेलं आहे."

इंजिनिअरसाहेबांनी तो तुकडा माझ्या हातून जवळजवळ हिसकावलाच. मग दुसरा उचलला. दोन्ही टोकं एकमेकांत घातली आणि कट् असा बारीक आवाज होऊन ती बसली. आम्ही सगळे त्या आवाजाकडे बघत राहिलो. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला अचानक गणित सुटतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तसं काहीतरी माझ्याच चेहऱ्यावर असणार.

"यावर काहीतरी लिहिलंय," शेठ म्हणाले. त्यांचा फोन खिशात वाजत होता आणि ते उचलत नव्हते.

प्रत्येक तुकड्याच्या मागे काळ्या शाईत वळणावळणाचं काहीतरी होतं, एका दमात ओढलेलं. देवनागरी नव्हे, गुजराती नव्हे. मी म्हटलं, ही मोडी असावी. पण वाचणार कोण? डॉक्टर म्हणाले विद्यापीठात विचारू. तेवढ्यात जिन्यावरून काठीचा आवाज आला. काका जागे झाले होते, वर कुणीच नाही हे बघून आम्हाला शोधत आले होते.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्यापुढे तुकडा धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा नाकाशी नेला आणि वर्तमानपत्र वाचावं तसं वाचलं, "थोरलें चाक. डावें अंग. तीन." मग आमच्या तोंडांकडे बघून म्हणाले, "का? कुणाला येत नाही का वाचता? दप्तरखान्यात चाळीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही. "काका, अजून एक वाचा," ते म्हणाले.

त्या दिवशी दहा मिनिटांचे दोन तास झाले. निर्लेखनाच्या यादीतून पेटीची ओळ डॉक्टरांनीच खोडली, पण एक अट घातली. पुढच्या बैठकीपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांत, ही वस्तू काय आहे ते कळलं पाहिजे. नाहीतर पेटी बंद. तळघरात आधीच जागा नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

क्युरेटरनं जुनी नोंदवही शोधून काढली, हातानं लिहिलेली. तिचा मला सकाळीच फोन आला. "मॅडम, मूळ नोंद ऐका. 'लाकडी भाग, मोडी खुणांचे, एक पेटी.' पुढे कधीतरी नवी नोंदवही टाइप केली तेव्हा मोडी खुणांचे याचं मोडके झालं." मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून हसत सुटले. एका शब्दामुळे ती पेटी इतकी वर्षं भंगारात जमा झाली होती.

मग दर शनिवारी आमची बैठक तळघरात भरू लागली. विषयपत्रिका नाही, मंजूर-नामंजूर नाही. काका खुर्चीत बसून वाचायचे, मी वहीत तक्ता करायची, इंजिनिअरसाहेब आणि शेठ जमिनीवर सतरंजी घालून जोडायचे. क्युरेटर प्रत्येक तुकड्याचा फोटो काढल्याशिवाय हात लावू द्यायची नाही. काही जोर लावावा लागला की ती म्हणायची, "सर, नाही बसत म्हणजे तिथला नाही." आणि दर वेळी तिचंच बरोबर निघायचं.

ते काय आहे यावर इंजिनिअरसाहेबांचं मत पहिल्या शनिवारीच ठरलं होतं. तेलाच्या घाण्याची लहान प्रतिकृती. आडवं चाक आहे, मध्ये खांब आहे, बैल जुंपायचा दांडा आहे, म्हणजे घाणाच. दुसऱ्या शनिवारी उभं चाक निघालं तरी ते म्हणाले, सुधारित घाणा. मी आडव्या चाकाच्या खुंट्या मोजल्या, बत्तीस. उभ्या चाकाच्या मोजल्या, सोळा.

"म्हणजे बैलाचा एक फेरा झाला की उभं चाक दोनदा फिरणार," मी म्हटलं. "घाण्याला कशाला हवा इतका वेग?"

"बाई, तुम्ही गणिताच्या, मी यंत्राचा," ते म्हणाले. पण कपाळाला आठी पडली होती.

तिसऱ्या शनिवारी उभ्या चाकाच्या आसाला जोडून आणखी एक चाक लागलं, जत्रेतल्या रिकाम्या पाळण्यासारखं, आणि ते चौकटीच्या बाहेर, अधांतरी आलं. त्याखाली बुडाच्या पाटाला चौकोनी भोक होतं. शेठ गुडघ्यांवर बसले होते. ते हळूहळू मागे सरकले.

"आ तो रेंट छे," ते म्हणाले.

"काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं. ते शनिवारी असे पहिल्यांदाच आले होते, उभ्या उभ्या बघून जायला म्हणून.

"रेंट, डॉक्टरसाहेब. विहिरीवरचा. मारा मामाने त्यां हतो. बैल फिरायचा आणि पाण्याची माळ वर यायची." ते मराठी-गुजराती एकत्र बोलायला लागले होते. "हे भोक म्हणजे विहीर. आम्ही मुलं दांड्यावर बसायचो, मामा ओरडायचे."

"रहाट," काका म्हणाले. "रहाटगाडगं."

मी तो शब्द जन्मभर वापरला होता. संसाराचं रहाटगाडगं, शाळेचं रहाटगाडगं. खरं रहाटगाडगं कसं असतं ते साठी उलटल्यावर, तळघरात, सतरंजीवर बघत होते. इंजिनिअरसाहेबांनी दोन्ही चाकं एकदा हातानं फिरवून पाहिली. मग शेठकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "हरलो बुवा. आता सांगा, दोर कुठून जातो?"

दोर कुठून जातो ते कळलं, पण दोराला बांधायचं काय? गाडगी नव्हती. आम्ही पेटी पालथी केली, कागदाची घडी न् घडी उलगडली. काका तक्ता पुन्हा ऐकून म्हणाले, एका तुकड्यावर 'तांब्याची पात्रें चोवीस' असं आहे, तर ती असलीच पाहिजेत. नवी करून घेऊ, असं शेठ म्हणाले. क्युरेटर तयार होईना. जुनी कशी होती ते कळल्याशिवाय नवी कशी करायची? शोधाशोधीत दीड-दोन महिने गेले आणि बैठकीला पंधरा दिवस उरले. रहाट ओळखला गेला होता, डॉक्टरांची अट पुरी झाली होती, पण आता तेवढ्यावर कुणाचंच भागत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी नातीला शाळेला सुट्टी होती म्हणून तिला घेऊन गेले. ती वरच्या मजल्यावर खेळण्यांच्या दालनात रमली. एका कपाटापाशी उभी राहून मला म्हणाली, "आजी, या भातुकलीत सगळी भांडी सारखीच आहेत. कढई नाही, तवा नाही. खेळायचं कसं?"

मी कपाटाजवळ गेले. पाटी होती, 'भातुकलीची तांब्याची भांडी'. अंगठ्याच्या पेराएवढी, तोंडाशी जरा रुंद, सगळी एकाच मापाची. आणि प्रत्येकाच्या काठाला समोरासमोर दोन भोकं. मी मोजली. बावीस. पुन्हा मोजली. मागच्या रांगेत दोन आडवी पडली होती. चोवीस.

मी त्या दालनातून पळत गेले. अक्षरशः पळत, पदर खोचून, आणि नात मागून "आजी, थांब ना" म्हणत. क्युरेटर कुणाशी तरी फोनवर बोलत होती. मी तिच्यापुढे उभी राहून धापा टाकत नुसतं दालनाकडे बोट दाखवलं. शेवटी नातीनंच सांगितलं, "त्या भांड्यांना भोकं आहेत."

क्युरेटरनं फोन तसाच टेबलावर ठेवला. खण उपसून तिनं कपाटाची किल्ली शोधली. पहिलं पात्र उलटं केलं तर बुडाशी मोडीत एकच खूण होती. मी काकांना फोन लावला, व्हिडिओवर पात्र दाखवलं. ते म्हणाले, "अगं, हलवू नकोस. हां. पाच. पाचवं आहे ते." आणि लगेच पुढचं पात्र दाखवायला सांगितलं.

शनिवारी सगळे आले. डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला होता, तसं ते म्हणाले नाहीत, पण दुपारभर हलले नाहीत. बारीक गाठी मारायला त्यांचाच हात सर्वांत स्थिर, म्हणून चोवीस पात्रं सुती दोरात त्यांनी ओवली, भिंग डोळ्याला लावून. शेवटची गाठ बसल्यावर इंजिनिअरसाहेब म्हणाले, "पाणी आणा."

"पाणी नाही, सर," क्युरेटर म्हणाली.

"अहो, रहाट आहे. पाण्यासाठीच केलाय."

"लाकूड फुगेल. सांधे जातील. एकदा गेले की परत नाही."

वाद झाला. शेठ इंजिनिअरसाहेबांच्या बाजूचे, थोडंसं पाणी, एकदाच. डॉक्टर म्हणाले मत घेऊ. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी क्युरेटरकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिला मत नव्हतं. तीन महिने तिचं प्रत्येक वेळी बरोबर निघालं होतं. मी म्हटलं, "माझं मत यांना." काका म्हणाले, "माझंही." डॉक्टर दोन्ही बाजूंकडे बघून म्हणाले, "डोळ्यात काय घालायचं ते मी ठरवतो. इथे यांनी ठरवायचं." मग शेठनीच विचारलं, पाणी नाही तर दुसरं काय ओतता येईल? धान्य नको, त्याला कीड लागते, असं क्युरेटरनं सांगितलं. तेव्हा मला मोतीकामाचे काचेचे मणी आठवले. सूनबाई तोरणं करते. तिला फोन केला, ती अर्ध्या तासात स्कूटरवरून निळ्या मण्यांची बरणी घेऊन हजर.

मणी भोकाखाली ठेवलेल्या ताटलीत ओतले. दांडा कुणी फिरवायचा यावर पुन्हा कुजबुज झाली आणि सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांनी काठी मला दिली. हातमोजा नीट केला आणि दोन बोटांनी दांडा ढकलला.

आडवं चाक हललं. खुंटी खुंटीत अडकली, सुटली, पुढची अडकली. बारीक कुरकुर सुरू झाली. उभं चाक फिरलं, पाळणा फिरला, आणि भोकातून पहिलं तांब्याचं पात्र वर आलं, निळ्या मण्यांनी भरलेलं. माथ्यावर येऊन ते कललं आणि मणी पन्हाळीत सांडले, सरसर आवाज करत. दुसरं आलं. तिसरं आलं. शेठ डोळे पुसत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. इंजिनिअरसाहेब कानाशी हात नेऊन फक्त खुंट्यांचा आवाज ऐकत होते.

रहाट रिकामा झाल्यावर क्युरेटरनं तो हलकेच तिरका केला, पाटाखाली काही आहे का बघायला. तिथे दोन ओळी होत्या. काकांनी वाचल्या, "दुसरें वर्ष. परीक्षेकरितां." पुढचं नाव पुसलं गेलं होतं.

म्हणजे कुणातरी विद्यार्थ्यानं परीक्षेसाठी केलेलं हे काम होतं. मी आयुष्यभर मार्क दिले, पण त्या पाटासमोर उभी असताना एवढंच वाटलं, याच्या मास्तरांनी दांडा फिरवून बघितला तेव्हा ते काय म्हणाले असतील?

बाहेर पडले तर पाय जमिनीवर ठरत नव्हते. रिक्षात बसल्या बसल्या मी रिक्षावाल्याला सगळं सांगून टाकलं, पेटी, मोडी, भातुकली, मणी. फत्तेगंजच्या सिग्नलला तो मागे वळून म्हणाला, "तो माजी, चाल्युं खरुं?" मी म्हटलं, चाललं, आणि चोवीसच्या चोवीस पात्रांनी मणी वर आणले. तो म्हणाला, रविवारी पोरांना घेऊन येतो.

बैठकीत ठराव एकमतानं झाला. रहाट खालच्या दालनात, दारासमोर, काचेत ठेवला. मुलांना फिरवायला शेठनी सावलीच्या कारखान्यातल्या सुताराकडून तसाच दुसरा करून घेतला, तो पाण्यावर चालतो आणि खाली सगळी फरशी ओली करतो. आमच्यात आणखी एक ठराव झाला, तो डॉक्टरांनी मांडला. यापुढे कुठलीही वस्तू पाहिल्याशिवाय तिच्यावर सही नाही.

दालन उघडलं त्या दिवशी आम्ही पाचही जण दाराशी उभे होतो, लग्नघरच्या माणसांसारखे, येणाऱ्याला "या, या" म्हणत. एका शाळेच्या मुली आल्या. त्यातल्या एकीनं काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, "यात बैल का नाहीत?"

तीन महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. काका लगेच म्हणाले, तक्त्यात बैलाचा उल्लेख नाही. इंजिनिअरसाहेब म्हणाले, दांड्याला जुवाची खाच आहे, म्हणजे होतेच. क्युरेटर म्हणाली, पुरावा दाखवा. डॉक्टरांनी त्या मुलीला खुर्ची आणून दिली, आणि आम्ही सगळे पुन्हा काचेभोवती गोळा झालो.